झाड उतरवताना दोर कोण धरतो

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मृग लागेपर्यंतचे दिवस खान्देशात वादळाचे असतात. दुपारी पारा 45 अंशांच्या आसपास असतो, संध्याकाळी आभाळ भरून येते आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्यात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. केळीचे पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. त्याच वाऱ्यात गावठाणातला एखादा जुना कडुनिंब कलतो, चिंचेची फांदी फाटून पत्र्यावर टेकते, आणि उन्हाळाभर भेगाळलेली काळी माती पहिल्या पावसाने मऊ झाल्यामुळे कालपर्यंत सरळ उभे असलेले झाड आज शेजारच्या भिंतीकडे झुकलेले दिसते. आम्हांला फोन येतात ते अशा झाडांसाठी. शेताच्या बांधावरचे झाड पाडायला फारशी अक्कल लागत नाही, कारण त्याला पडायला जागा असते. गल्लीतल्या झाडाला ती नसते, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी दोरावर उतरवावे लागते.

या कामात बघ्यांचे डोळे वर असतात. कमरेला पट्टा बांधून शेंड्याजवळ उभा राहिलेला माणूस, त्याच्या हातातले घरघरणारे कटर मशीन आणि खाली मोबाइल उंचावून उभी असलेली पोरे, असे ते दृश्य असते. वरच्या माणसाचे कसब मी कमी लेखत नाही; मी स्वतःच वर चढतो. तरीही माझे ठाम मत झाले आहे, की घरावरचे झाड सुखरूप उतरते की नाही हे बुंध्याशी दोर धरणाऱ्या माणसावर ठरते. बहुतेक टोळ्यांत मात्र हे काम सगळ्यांत नवख्या पोराच्या गळ्यात पडते, कारण ‘दोर तर धरायचा आहे’ अशी समजूत असते. उरलेली भीती मग जाड दोर विकत घेऊन घालवली जाते.

आधी त्या दोराविषयी. बाजारात ‘नायलॉनचा दोर’ म्हणून मिळणारा निळा किंवा पिवळा, हाताला चरचरीत लागणारा दोर पुष्कळदा नायलॉनचा नसतोच. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो. खात्री करायची असेल तर वीतभर तुकडा कापून पाण्याच्या बादलीत बुडवावा, दाबून त्यातली हवा काढावी आणि सोडून द्यावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर येते, नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाशी जातात. तरंगणारा दोर ट्रॉलीवरचा कडबा आवळायला चांगला आहे, पण झाडाच्या कामात तो दोन कारणांनी दगा देतो. एक म्हणजे तो साधारण 160 ते 165 अंशांना वितळतो, आणि वजन उतरवताना खोडावर घासणाऱ्या दोराचा पृष्ठभाग या तापमानाच्या जवळ सहज जाऊ शकतो. पॉलिएस्टर वितळायला साधारण 250 ते 260 अंश लागतात. दुसरे म्हणजे ऊन. आपल्याकडच्या उन्हात पत्र्यावर पडून राहिलेला असा दोर एक-दोन हंगामांत पांढुरका पडतो, चुरगाळला की त्याचा भुगा हाताला लागतो, आणि तरीही लांबून तो धडधाकटच दिसतो.

नायलॉन खरे असले तरी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. ते बरेच ताणले जाते, त्यामुळे हिसका सोसते, पण फांदी छपरापासून हातभर अंतरावर थांबवायची असेल तर तोच ताण घातक ठरतो. शिवाय भिजल्यावर त्याची ताकद काही प्रमाणात घटते. म्हणून वजन उतरवण्यासाठी आम्ही 14 ते 16 मिलिमीटर जाडीचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टरचा दोर वापरतो आणि चढण्यासाठी 12 ते 13 मिलिमीटरचा वेगळा दोर ठेवतो. ज्या दोरावर माणूस लटकतो त्यावर लाकूड कधीच लटकवायचे नाही, हा नियम आमच्याकडे मोडला जात नाही, कारण एका मोठ्या हिसक्याने आतले धागे तुटलेले असतात आणि बाहेरची वीण तशीच नीटनेटकी दिसत राहते. दोराच्या लेबलवर तुटण्याचा भार लिहिलेला असतो. त्याच्या एक दशांशाच्या आत काम बसवावे. गाठीमुळे दोराची ताकद पाव ते एक तृतीयांशाने, कधी त्याहूनही जास्त घटते, हे त्या एक दशांशात गृहीत आहे.

चढण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर हल्ली पुष्कळ व्हिडिओ पाहायला मिळतात. छर्रे भरलेली 300-350 ग्रॅमची लहान पिशवी बारीक दोरीला बांधून ती ठरवलेल्या बेचक्यातून फेकतात, त्या दोरीने चढण्याचा दोर वर ओढून घेतात, आणि कोणी पाय उचलण्याआधी दोघांनी मिळून त्या दोराला लोंबकळून बेचके तपासतात. पुढची सारी चढाई सरकगाठीवर चालते. ही गाठ मोकळी असताना हाताने वर ढकलता येते आणि भार पडताच दोराला घट्ट आवळते. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने 1931 मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ या घराण्यातली सर्वांत नावाजलेली; झाडांच्या कामात तिचीच भावंडे वापरतात, कारण ती भाराखालीही थोडी थोडी सोडता येतात. मशीन चालू करण्याआधी चढणाऱ्याने दुसऱ्या, आत पोलादी तार असलेल्या पट्ट्याने स्वतःला खोडाशी बांधलेच पाहिजे. ताणलेल्या दोराला मशीनची फिरती साखळी नुसती चाटून गेली तरी तो तुटतो. बुटांना लावायचे लोखंडी काटे फक्त समूळ काढायच्या झाडावर वापरावेत. ज्या झाडाची केवळ छाटणी करायची आहे त्याच्या सालीत पडलेले प्रत्येक भोक म्हणजे कीड आणि बुरशी यांना उघडे दार असते.

झाडाची जात पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. चिंच चिवट असते, तिची फांदी वाकते, करकरते, इशारा देते. जांभूळ दिसायला भरीव, पण काडकन मोडते. गुलमोहराचा भरवसा धरू नये, आणि शेवग्याला तर शिडी लावूनच हात घालावा. वाळलेल्या झाडावर आम्ही चढतच नाही. तिथे क्रेन बोलवावी आणि तिचे भाडे घरमालकाला आधीच सांगावे. उन्हाळ्यात आणखी एक तपासणी असते ती आग्या मोहोळाची. खालून पोळे दिसले नाही आणि मशीनचा आवाज व धूर वर गेला, तर पट्ट्याने बांधलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

परवानगी आणि वीज या दोन गोष्टी कामाच्या आदल्या दिवशी उरकाव्यात. शहरी हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम लागू आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष ठरतात. ग्रामीण भागात सागापासून आंबा, चिंच, मोहापर्यंतच्या झाडांसाठी 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. तारेजवळचे झाड असेल तर लाइन बंद झाल्याचे वायरमनने समोर उभे राहून सांगितल्याशिवाय दोरसुद्धा फेकायचा नाही. ओला दोर वीज वाहून आणतो, आणि ओली फांदीही.

आता मुख्य गोष्ट. कापायच्या फांदीपेक्षा उंचावर, खोडाच्या भरभक्कम भागाला रुंद पट्टा बांधून त्यात कप्पी अडकवतात. उतरवण्याचा दोर फांदीला बांधून कप्पीतून खाली आणतात आणि बुंध्याशी त्याला वेढे देऊन एक माणूस त्याचे टोक धरतो. इथे पहिला हिशेब चुकतो तो असा, की 100 किलोची फांदी लटकली म्हणजे कप्पीवर 100 किलो आले असे वाटते. प्रत्यक्षात एका बाजूने फांदी दोर ओढत असते, आणि ती अधांतरी थांबावी म्हणून दुसरी बाजूही तेवढ्याच जोराने खाली ओढलेली असते. दोन्ही बाजू समांतर असल्या तर कप्पीवर, आणि ती बांधलेल्या खोडावर, जवळजवळ 200 किलो येतात. म्हणजे दोर शाबूत राहून वरचा आधारच मोडू शकतो. चढणाऱ्याने स्वतःचा दोर त्याच आधाराला बांधलेला असेल तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

दुसरी चूक वजनाच्या अंदाजात होते. ताज्या लाकडात पाणी असते आणि बऱ्याच झाडांच्या ओल्या लाकडाचे घनमीटरला 1000 किलोच्या आसपास वजन भरते. त्या हिशेबाने 40 सेंटिमीटर व्यासाचा 1 मीटर लांबीचा ओंडका सव्वाशे किलोचा, आणि 60 सेंटिमीटर व्यासाचा तेवढाच ओंडका 280 किलोचा होतो. जाडी दीडपट, वजन सव्वादोनपट. वखारीत लाकूड मोजणाऱ्याला हे तोंडपाठ असते. झाडावर बसलेल्याला मात्र फांदीची लांबी दिसते, जाडी दिसत नाही.

एवढे वजन एकटा माणूस धरतो कसे? वेढ्यांमुळे. गोल वस्तूभोवती गुंडाळलेल्या दोराच्या एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाला किती उरतो, हे सांगणारे सूत्र गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर याच्या नावाने ओळखले जाते. घर्षणाचा गुणांक 0.25 धरला तर एका पूर्ण वेढ्याने हाताची पकड सुमारे पाचपट होते, दोन वेढ्यांनी तेवीसपट आणि तीन वेढ्यांनी शंभरपटीच्या पुढे. बुंधा जाड की बारीक याने या हिशेबात फरक पडत नाही, दोर किती फिरला तेवढेच मोजले जाते. पण सालीवर सारे वेढे सारखे नसतात: बाभळीची खडबडीत साल दोर जागीच धरते, निलगिरीची गुळगुळीत साल त्याला सरकू देते, आणि पावसाच्या दोन सरींनंतर तोच बुंधा वेगळा वागतो. म्हणून आम्ही बुंध्याला पट्ट्याने एक जाड धातूची नळी बांधतो आणि वेढे तिच्यावर घेतो. या साधनाला पोर्टारॅप म्हणतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे दर वेळी घर्षण सारखेच मिळते.

आमच्याकडे दोर धरतात त्या अप्पांना ऑयलर माहीत नाही आणि त्यांचे त्यावाचून अडलेलेही नाही. तरुणपणी त्यांनी विहीर खोदाईच्या यारीवर, म्हणजे खालचे दगड-माती वर ओढणाऱ्या यंत्रावर, काम केले, नंतर विहिरीत पाण्याच्या मोटारी सोडण्याचे. काठावरच्या खुंटाला दोराचे दोन वेढे देऊन मोटार कड्यांना न घासता खालच्या पाटावर टेकवायची, हे काम ज्याने वर्षानुवर्षे केले त्याला वजन आणि दोर यांच्यामधला संवाद बोटांनी कळतो. आजकाल साहसी खेळांकडून आलेल्या मुलांना गाठी सुंदर येतात, पण त्यांचा जीव दोर घट्ट धरण्यात असतो. अप्पांचा तो सोडण्यात असतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात कडुनिंबाची जवळजवळ आठ मीटर लांबीची फांदी मातीच्या धाब्यावर आडवी आलेली होती. धाब्याचे घर म्हणजे सागाच्या खांडांवर मातीचा थर. त्यावर नुसता माणूस चालला तरी आत माती गळते, मग फांदी आपटल्यावर काय उरेल? घरमालक आबांचे म्हणणे असे, की गल्लीत दहा माणसे उभी करतो, फांदी कापताच त्यांनी हिसडा मारून तिला बाजूला ओढावे. त्यांना समजवायला वेळ लागला. दहा माणसांची ओढ कधीच एकाच क्षणी लागत नाही, आणि कापलेली फांदी तर एकाच क्षणी सुटते.

आम्ही कप्पी शेजारच्या उंच खोडाला बांधली आणि दोर फांदीच्या मध्यापेक्षा थोडा शेंड्याच्या बाजूला घेतला. असे बांधले की कापल्यावर फांदीचे बुडखे आधी खाली झुकते आणि शेंडा वर राहतो. धाब्याच्या बाबतीत हवे होते ते हेच, कारण बुडख्याखाली गल्ली होती आणि शेंड्याखाली घर. बुडख्याकडे दोर बांधला असता तर शेंडा झाडूसारखा धाब्यावरून फिरला असता. शेंड्याला एक बारीक दोरी वेगळी बांधून ती गल्लीत एका पोराच्या हातात दिली. तिचे काम वजन धरण्याचे नव्हते, फांदीचे तोंड वळवण्याचे होते. मग अप्पांनी नळीवर तीन वेढे घेतले आणि दोर इतका ताणला की शेंड्याची पाने धाब्यावरून वीतभर उचलली गेली. आधी खालून साधारण एक तृतीयांश काप, मग वरून. लाकूड करकरले, बुडखे सुटले, आणि अप्पांनी दोर धरून ठेवला नाही. एक वेढा आधीच उतरवून ठेवला होता, उरलेल्या दोनांवरून त्यांनी दोर सरकू दिला. त्यांचा हात नळीपासून हातभर लांब, दोर तळव्याला कधीही गुंडाळलेला नाही, पाय दोराच्या वेटोळ्याबाहेर, हातात चामडी मोजे. बुडखे गल्लीत खाली गेले, शेंडा पोराने वळवून घेतला, आणि धाब्यावर काही डहाळ्या आणि लिंबोळ्या तेवढ्या पडल्या.

आवाजाच्या गोंगाटात इशारे ठरलेले असावेत. मशीन चालू असताना ‘सोड’ आणि ‘ओढ’ हे दोन शब्द खाली सारखेच ऐकू येतात आणि त्यांचे अर्थ नेमके उलटे आहेत, म्हणून आमच्या टोळीत ‘ओढ’ म्हणायला बंदी आहे. तिथे ‘ताण’ म्हणायचे. ‘थांब’ मात्र कोणीही, अगदी घरातल्या आजींनीही म्हणावे, आणि तो सर्वांनी ऐकावा.

फांद्या संपल्या की खोड उरते, आणि तिथे खरी कसोटी लागते. आता कप्पी बांधायला वर काही शिल्लक नसते. ती कापाच्या खाली बांधावी लागते आणि ओंडका कापल्यावर आधी मोकळा पडतो, मग दोरात अडकतो. समजा 125 किलोचा ओंडका 2 मीटर मोकळा पडला आणि दोर धरणाऱ्याने घाबरून चार वेढे घेऊन ठेवल्यामुळे तो पुढच्या अर्ध्या मीटरात थांबला. थांबताना दोरावर सरासरी पाचपट, म्हणजे सव्वासहाशे किलो भार येतो, आणि कप्पीवर त्याच्या जवळजवळ दुप्पट, साडेबाराशे किलो. क्षणभराचा कमाल भार याहून जास्त असतो. ज्या खोडाला हा हिसका बसतो त्यालाच वरचा माणूस बांधलेला असतो. तोच ओंडका 2 मीटर पडल्यावर पुढचे 4 मीटर दोरासोबत सरकत हळूहळू थांबला, तर सरासरी भार दीडपट होतो, म्हणजे 190 किलोंच्याही आत, आणि कप्पीवर पावणेचारशेच्या आसपास. दोर तोच, ओंडका तोच, वरचा माणूसही तोच. फरक पडला तो खालच्या हातामुळे. जाड दोराने हा फरक भरून निघत नाही, कारण दोर तुटला नाही तर खोड हादरते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. खोड जसजसे खाली येते तसतशी ओंडक्याला सरकायला जागा कमी उरते, म्हणून खाली येताना तुकडे आखूड करत न्यावेत. लोक नेमके उलट करतात; जमीन जवळ आली म्हणून धीर वाढतो आणि दोन-दोन मीटरांचे ओंडके पाडायला लागतात. तुकड्याची लांबी निम्मी केली की वजन निम्मे होते आणि मोकळे पडण्याचे अंतरही कमी होते, म्हणजे दुहेरी फायदा.

शेवटचा बुंधा एका बाजूला मोकळी जागा असेल तर ओढून पाडता येतो. पडायच्या बाजूला खाच घ्यावी, मागून कापताना व्यासाच्या साधारण एक दशांश जाडीची पट्टी मधे न कापता ठेवावी. हीच पट्टी बिजागरीचे काम करते आणि खोडाला दिशा देते. दोर ट्रॅक्टरला बांधायचा असेल तर ट्रॅक्टर पडण्याच्या रेषेत उभा करू नये. दुसऱ्या झाडाला कप्पी बांधून दोर बाजूला वळवून घ्यावा. त्याहून बरी साखळीची पुली. ती सावकाश ताणते आणि ताणून थांबते. ट्रॅक्टरवाल्याला क्लच सोडल्यावर किती जोर लागला याचा पत्ता नसतो, आणि पट्टी वेळेआधी तुटली की खोड कुठेही जाते.

दोर धरायला शिकवण्याची आमची पद्धत साधी आहे. दिवाळीनंतर काम कमी असते तेव्हा शेतातल्या एखाद्या चिंचेला कप्पी बांधून 25 किलो वाळूचे पोते वर चढवतात आणि खाली एक रिकामे घमेले ठेवतात. शिकणाऱ्याने पोते सुटल्यावर ते दोन मीटर मोकळे पडू द्यायचे, मग वेढ्यांवरून सरकवत आणायचे आणि घमेल्यात आवाज न होता टेकवायचे. घमेले वाजले की पोते परत वर. ते नेहमी न वाजता टेकायला लागले की पोते 50 किलोचे होते, वेढे बदलतात, दोर एकदा भिजवून पुन्हा तेच करायला लावतात. आणि हे सारे जमल्यावर पहिली खरी फांदी मिळते ती अशा झाडाची, की ज्याच्या खाली घर नाही, तार नाही, नुसते नांगरलेले रान आहे.